हातोडा पडतो तो कागदावर

दर जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीला आणि ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला जुन्या गाड्यांचे मोठे लिलाव भरतात, आणि ते उठले की अमेरिकेतल्या गाडीवेड्यांचं मसल कारवरचं एक जुनं भांडण पुन्हा पेटतं. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्यासुध्या दोनदारी गाडीत कंपनीकडचं सगळ्यात दांडगं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवून विकलेली गाडी. साठच्या दशकातली अशी एखादी गाडी नटबोल्टापर्यंत सुटी करून, पत्रा उघडा करून, नव्यासारखी पुन्हा जोडलेली असते आणि तिच्यावर दहा-वीस लाख डॉलरचा हातोडा पडतो. लगेच एक बाजू म्हणते, या शेअर बाजारवाल्यांनी आमचा छंद विकत घेतला, आता या गाड्या काचेमागे जाणार आणि आमच्या पोरांनी त्या फक्त फोटोत बघायच्या. दुसरी बाजू म्हणते, बाजार खोटं बोलत नाही, ज्याला परवडत नाही त्याने कुरकुर करू नये. मी गेली बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ राहतो, पोटही मोटार कारखानदारीवरच चालतं, त्यामुळे हे भांडण जेवणाच्या सुट्टीत, पार्किंगमध्ये, अगदी मंडळाच्या गणपतीतसुद्धा ऐकलंय. दोन्ही बाजू आकड्याकडे बघून भांडतात आणि दोघींचाही नेम चुकतो. गाड्या महाग झाल्या यात रडण्यासारखं फार काही नाही, असं माझं मत आहे. वाईट झालंय ते वेगळंच. या बाजारात पैसे मोजले जातात ते गाडीपेक्षा तिच्या कागदांना आणि शिक्क्यांना. ते जुळवून ठेवण्याच्या हव्यासात, ज्या वापरामुळे या गाड्यांना अर्थ आला तो वापरच आता दोष ठरू लागलाय.

तक्रार करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. या गाड्या श्रीमंतांसाठी नव्हत्याच. जनरल मोटर्सचा तेव्हा एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची सोय म्हणून, आत सरकवलं. नवं मॉडेल काढलं असतं तर वर परवानगी मागावी लागली असती. ऑप्शनकडे कुणी बारकाईने पाहिलं नाही. जादा पैसे तीनशे डॉलरच्या आत. नाव मात्र थेट फेरारीचं उचललं, जीटीओ. फेरारीच्या भक्तांना ते चांगलंच झोंबलं. चार वर्षांनी क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथची रोड रनर आली, तीही तीन हजार डॉलरच्या आत. पायाखाली गालिचा नाही, रबराची चटई. पण कार्टूनमधल्या त्या पक्ष्याचं नाव आणि रूप वापरायला कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर दिले. कुणाला काय हवंय हे तिथे बसलेल्यांना बरोबर कळलं होतं. कारखान्यात पाळी करणारा, नुकताच सैन्यातून परतलेला, हप्त्याने गाडी घेणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हे त्यांचं गिऱ्हाईक. त्याच पोराच्या नातवाने आज लिलाव टीव्हीवर बघताना दात-ओठ खाल्ले तर ते समजण्यासारखं आहे.

पण लाखो डॉलरला जाणाऱ्या गाड्या खरंच त्या पोराच्या गाड्या आहेत का? या बाजाराची पट्टराणी म्हणजे १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा, उघड्या छताची. ४२६ घन इंचांचं, जवळपास सात लिटरचं हेमी इंजिन, कागदोपत्री ४२५ अश्वशक्ती. अशा ११ गाड्या बनल्या असं सर्वसाधारणपणे धरतात. त्यातली एक २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला दुसऱ्या एकीवर ४८ लाखांपर्यंत बोली चढली, तरी मालकाने ती दिली नाही. आता विचारा, फक्त अकराच का बनल्या? कंपनीला जास्त बनवता येत नव्हत्या म्हणून? छे. गिऱ्हाईकच नव्हतं. इंजिनाचेच जवळपास नऊशे डॉलर जास्त, तरुण मालकाला विमा कंपन्या लावत असलेला जबर हप्ता वेगळा, आणि तोवर प्रदूषणाचे नियम दारात येऊन उभे राहिलेले. ते साल त्या इंजिनाचं शेवटचंच ठरलं.

ही गोष्ट एकट्या कुडाची नाही. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड घ्या. शर्यतीच्या नियमांसाठी बनवलेली, पुढे टोकदार नाक, मागे दोनेक फूट उंच पंख. विक्रेत्यांच्या दारात त्या इतक्या पडून राहिल्या की काहींनी नाक आणि पंख उतरवून त्या साध्या रोड रनर म्हणून खपवल्या. शेव्हरोलेटची १९६९ ची झेडएल-१ कॅमारो, ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाची, अवघ्या ६९ बनल्या. इलिनॉयमधल्या एका छोट्या गावच्या विक्रेत्याने एकदम पन्नास मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा किंमत सात हजार डॉलरच्या वर गेलेली, साध्या कॅमारोच्या दुपटीहून जास्त. बिचाऱ्याच्या गळ्याशी आलं आणि त्यातल्या बऱ्याच शेव्हरोलेटला परत घ्याव्या लागल्या. म्हणजे आज जिला दुर्मिळता म्हणतात ती त्या काळच्या लोकांनी दिलेला नकार आहे. ज्या गाड्यांनी तो काळ घडवला त्या ढिगाने विकल्या गेल्या होत्या: एकट्या १९६६ साली पॉन्टिॲकने ९६,९४६ जीटीओ विकल्या. आणि ठीकठाक अवस्थेतली साधी जीटीओ आजही नव्या पिकअप ट्रकच्या आसपासच्या पैशात मिळू शकते. साधं इंजिन असलेली डार्ट किंवा नोव्हा तर त्याहून बरीच खाली. “आमच्या गाड्या हिरावल्या” हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. जी आजोबांनी घेतली नाही, घ्यायची इच्छाही धरली नाही, ती हिरावली कशी जाईल?

दुसरी गोष्ट तक्रार करणारे सोयीने विसरतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि या गाड्या रातोरात नकोशा झाल्या. काहीशे डॉलरला जाऊ लागल्या, भंगारात चेपल्या गेल्या, इंजिनं काढून बोटींना किंवा शर्यतीच्या सांगाड्यांना लावली गेली, मिशिगन-ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रे चाळण झाले. त्या चाळणीला कुणी का जोडावं? नुसतं अंग उघडं करून रंगवायचं म्हटलं तरी शेकडो तासांचं काम. गाडीची किंमत वर जाईल ही आशा असल्याशिवाय ते कुणी अंगावर घेत नाही. आज कॅमारोचा मडगार्डपासून डिकीच्या झाकणापर्यंत हवा तो पत्रा नवा छापलेला मिळतो, दाराचं रबर मिळतं, डॅशबोर्डवरचे काटेसुद्धा मिळतात. या सगळ्यामागे उभा असलेला उद्योग वाढलेल्या किमतींनीच पोसलाय. साध्या सहा सिलिंडरच्या कॅमारोचा मालकही तोच मडगार्ड वापरतो. वरच्या टोकाचा पैसा खालपर्यंत झिरपला, हे इथे तरी खरं आहे.

मग दुसरी बाजू बरोबर का? तीही नाही. बाजार खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो: कोणत्या सालचा बाजार? शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या कॅरोल शेल्बीची स्वतःची कोब्रा, १९६६ ची ‘सुपर स्नेक’, जानेवारी २००७ मध्ये स्कॉट्सडेलला दलालीसह ५५ लाख डॉलरला गेली. (काटेकोरपणे ती मसल कार नव्हे, पण बाजार तोच आणि माणसंही तीच.) हीच गाडी २०२१ मध्ये पुन्हा त्याच लिलावघरात आली आणि गेली ५५ लाखांनाच. चौदा वर्षांची महागाई, विमा, देखभाल, दोन्ही वेळची दलाली धरली तर हा सरळ तोटा. मधल्या काळात २००८ ची मंदी येऊन गेली आणि हेमी गाड्यांचे भाव धाडकन खाली आले. ज्यांनी घर गहाण टाकून बोली लावली होती त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. शिवाय २०१७ अखेरपर्यंत अमेरिकेच्या करकायद्यात एक वाट होती: गुंतवणुकीची म्हणून ठेवलेली गाडी विकून तशीच दुसरी घेतली की नफ्यावरचा कर पुढे ढकलता येई. २०१८ पासून ही सवलत स्थावर मालमत्तेपुरतीच उरली. थेट प्रक्षेपण, मंचावरचे दिवे, समोर बसलेला प्रतिस्पर्धी, वर कराची सोय, इतक्या गोष्टी मिळून जो आकडा तयार होतो त्याला गाडीचं मोल म्हणणं म्हणजे त्या आकड्यावर जरा जास्तच विश्वास टाकणं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या ३५ लाखांच्या कुडाचा चासी नंबर ज्या अक्षरांनी सुरू होतो ती अशी: बी एस २७ आर १ बी. पहिली दोन अक्षरं गाडी कोणती आणि कोणत्या दर्जाची ते सांगतात, २७ म्हणजे उघडं छत, १ म्हणजे १९७१, शेवटचा बी म्हणजे डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमिकचा कारखाना. मधला आर म्हणजे हेमी. त्या आरच्या जागी एच असता तर गाडीत ३४० चं इंजिन असतं. पत्रा तोच, दारं तीच, बांधणारे कामगार तेच, आणि किंमत कित्येक पटींनी कमी. हेमीसोबत जाड स्प्रिंगा, दणकट मागचा ॲक्सल वगैरे येत असे, हे मान्य. पण ते सगळं आज विकत आणून कुठल्याही कुडाला बसवता येतं, इंजिनसुद्धा. रस्त्यावर ती गाडी तितकीच पळेल, कदाचित जास्तच. तरी तिला ‘क्लोन’ किंवा, जरा गोडीत, ‘ट्रिब्यूट’ म्हणतात आणि भाव देतात चिल्लर. म्हणजे लाखांचा फरक आहे तो लोखंडात नाही, एका अक्षरात आहे.

फेरारीच्या बाजारात हे इतकं टोकाला का जात नाही? १९६२ ते १९६४ मध्ये बनलेल्या २५० जीटीओ फक्त ३६, त्यांचे पत्रे हाताने ठोकलेले, एकीसारखी दुसरी नाही. त्यातली एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. या गाड्या शर्यतीत आपटल्या, त्यांचे पत्रे बदलले, कित्येकींची इंजिनं इकडची तिकडे झाली. तो सगळा इतिहास त्यांच्या फायलीत अभिमानाने लावलेला असतो आणि आजही त्या शर्यतीच्या मैदानावर पळवल्या जातात. मसल कारची अडचण अशी की ती कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर बनलेली वस्तू आहे. हजारो सारख्या गाड्यांतून एक वेगळी काढायची तर आधार एकच, कुणीतरी मागणीपत्रावर कोणत्या चौकटीत खूण केली होती. दुर्मिळता जमाखर्चाची. त्यामुळेच लिलावाच्या वर्णनात “या रंगात, या गिअरबॉक्ससह, काळ्या सीटची आणि घड्याळ असलेली ही एकमेव गाडी” असलं वाचायला मिळतं. एवढ्या चौकटी असल्यावर प्रत्येक गाडी कधी ना कधी एकमेव होतेच की!

इथे कागदवाल्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. शेव्हरोलेटने १९७० मध्ये एलएस-६ इंजिनाची शेव्हेल विकली, ४५४ घन इंच, ४५० अश्वशक्ती. त्या काळच्या शेव्हरोलेटचा चासी नंबर इंजिन कोणतं हे सांगत नाही. १९६४-६५ च्या जीटीओचंही तेच. ती ऑप्शनच असल्याने नंबर पाहून ओळखता येत नाही. अशा वेळी साध्या शेव्हेलला एलएस-६ करून विकणं ही सोपी लबाडी, आणि कारखान्यातून निघाल्या त्याहून जास्त एलएस-६ आज रस्त्यावर आहेत हा तिथला घासून गुळगुळीत झालेला विनोद. म्हणून पॉन्टिॲकचे मालक कंपनीच्या जुन्या नोंदी विकत घेतात, फोर्डचे मालक कंपनीच्या जुन्या नोंदींवरून काढलेला ‘मार्टी रिपोर्ट’ मागवतात, क्रायस्लरवाले ब्रॉडकास्ट शीट शोधतात. ही शीट म्हणजे पट्ट्यावरच्या कामगारांना कोणत्या गाडीत काय बसवायचं ते सांगणारा कागद. काम झालं की तो सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर ग्लव्हबॉक्सच्या वर तसाच राहून जाई. पन्नास वर्षांनी कुशन फाडल्यावर तो पिवळा पडलेला कागद हाती लागणं म्हणजे त्या मालकाला गुप्तधनच. कागद नसेल तर खरेदीदार नागवला जाईल, असं ते म्हणतात. बरोबर आहे. आपणही जुनी गाडी घेताना आरसी बुक आणि चासी नंबर ताडून पाहतोच.

पण पुरावा म्हणून कागद मागणं वेगळं आणि कागदालाच माल समजणं वेगळं. दुसरं सुरू झालं की काय होतं ते ‘रीबॉडी’च्या वादात दिसतं. एखाद्या मौल्यवान गाडीचा सांगाडा गंजून हातात येतो. मग दुसऱ्या, साध्या गाडीचा चांगला सांगाडा घ्यायचा किंवा आजकाल नवा छापलेलाच आणायचा, आणि जुन्या गाडीची चासी नंबराची पट्टी उचलून त्यावर रिव्हेट मारायची. अमेरिकेत अशी पट्टी काढणं हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी गरजेपुरती काढायला सूट आहे, आणि ‘दुरुस्ती’ कुठे संपते यावर वकिलांची घरं चालतात. इंजिनाच्या ब्लॉकवरचा मूळ नंबर घासून नवा ठोकणं हा आणखी एक जोडधंदा. ही लबाडी थांबवायला कागद हवेत म्हणता. पण लबाडीला भूल घातली कुणी? एका अक्षराला तीस लाख मिळत नसते तर स्वस्तातल्या लोखंडी शिक्क्यांचा संच घेऊन रात्री गॅरेजमध्ये कोण बसलं असतं?

याहून मला जास्त सलतो तो ‘नंबर मॅचिंग’चा सोवळेपणा. गाडीसोबत जन्माला आलेलं इंजिन आजही तिच्यातच असेल तर भाव चढतो, नसेल तर मोठा घास कापला जातो. आता १९६९ सालच्या त्या पोराकडे पुन्हा या. त्याने हेमी घेतली ती कशासाठी? शुक्रवारी रात्री डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत पळवायला. पळवली, इंजिनाच्या चिंधड्या उडाल्या, आणि विक्रेत्याने वॉरंटीत दुसरा ब्लॉक बसवून दिला. गाडी जन्माचं काम करत होती. पण आजच्या बाजारात ती बाटलेली. उलट जिचा पहिला मालक दोन वर्षांत कंटाळला आणि जिला कोठारात झाकून ठेवलं, ती शुद्ध. वापराची शिक्षा, अडगळीला बक्षीस. जुन्या वस्तूंचा प्रत्येक बाजार असाच असतो असंही नाही. क्रेमोनात बनलेली स्ट्रॅडिव्हॅरियस व्हायोलिनं बघा: मोठ्या सभागृहांसाठी आवाज वाढवायला पुढच्या काळात त्यातल्या जवळपास सगळ्यांच्या माना बदलल्या, आतल्या आधारपट्ट्या बदलल्या. तरी ती लाखो डॉलरला विकली जातात आणि मैफलीत वाजतातही. मान मूळची नाही म्हणून ते वाद्य खोटं, असं कुणी म्हणत नाही. वाजवायचं तर मान बदलणार, हे तिथल्या जाणकारांनी स्वीकारलंय. गाडीवाल्यांना हे स्वीकारायला कोण अडवतं?

आणि नव्यासारखी जोडणी म्हणजे तरी काय? कारखान्यातून निघालेली १९७० ची प्लिमथ ही काही घड्याळजीची कारागिरी नव्हती. रंगाला संत्र्याच्या सालीसारखे खवले, दाराच्या फटी एकीकडे बोटभर तर दुसरीकडे नखभर, सांध्यांवर फासलेलं सीलंट बोटांच्या ठशांसकट. जोडणी करणाऱ्यांनी सुरुवातीला हे सगळं सुधारून गाड्या आरशासारख्या केल्या. कारखान्यात कधीच नव्हता इतका सफाईदार रंग. मग परीक्षक म्हणाले, हे मूळचं नाही. झालं, आता पट्ट्यावरच्या तपासनिसाने खडूने मारलेल्या खुणासुद्धा जुने फोटो बघून पुन्हा काढतात, उडालेल्या रंगाचे शिंतोडे मोजूनमापून पाडतात. हॅमट्रॅमिकच्या एका थकल्या कामगाराने पाळी संपता संपता केलेल्या घाईची नक्कल करायला तासाला शंभर डॉलर घेणारा कारागीर! हे कौशल्य अफाट आहे, मी ते बघून थक्क झालोय, पण त्यात त्या गाडीचं स्वतःचं काय उरलं? तिची पन्नास वर्षं खरवडून टाकून जन्माच्या दिवसाचा देखावा उभा केलाय.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे अगदी चपखल बसतं. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीची ती रंगीत चित्रं यंत्रावर छापलेली, घरोघरी परवडणारी. मसल कारसारखीच बहुतांच्या हातात गेलेली वस्तू. घरातल्या बायकांनी त्यांवर जरतार लावली, टिकल्या चिकटवल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं. आज संग्राहक अशी सजवलेली चित्रंही आवडीने घेतात. ती जरतार उपटून, काजळी धुऊन ‘छापखान्यातून निघालं तसं’ करून आणलं तर घेणारा हसेल. कारण त्या वस्तूचं जे काही झालं ते तिच्यावर दिसतंय, आणि तेच तिला शेजारच्या घरातल्या प्रतीपासून वेगळं करतं. यंत्रातून सारख्या निघालेल्या वस्तू वेगळ्या होतात त्या वापरातून. मागणीपत्रावरच्या चौकटीपेक्षा हा निकष मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

यावर जाणकारांचं उत्तर तयार असतं: बाजार स्वतःच सुधारतोय की! आणि ते ‘बुलिट’ सिनेमातली मस्टँग पुढे करतात. स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ही १९६८ ची गाडी १९७४ साली एका कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने ती परत मागितली, तरी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये किसिमीला ती दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. रंग विटलेला, गंज जागोजाग, चित्रीकरणासाठी केलेल्या जोडकामाच्या खुणा तशाच. न जोडलेल्या गाड्यांना, ज्यांना तिथे ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, आता मान मिळतोय हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण बुलिट ही सिनेमाची गाडी. तिच्यावरचा गंज विकला गेला तो मॅक्वीनच्या नावावर. बाकीच्या सर्व्हायव्हरांचं काय होतं? तोही एक दाखला बनतो. मीटरवर एकोणीस हजार मैल दिसले की गाडी पुन्हा हलवायची नाही, कारण प्रत्येक मैलाने भाव उतरतो. मूळ टायर फुटायला आले तरी बदलायचे नाहीत. आणि आता तर नव्या पत्र्यावर खोटा गंज, खोटा विटका रंग चढवून देणारेही निघालेत. निकष बदलला, खोड तीच राहिली.

तिसरा एक गट आहे, ‘रेस्टोमॉड’वाल्यांचा: जुनं अंग, आतून आजचं इंजिन, आजचे ब्रेक, थंडगार एसी. ते या भांडणाला हसतात, आणि निदान त्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात. मात्र त्यांच्याही आवडत्या गाड्या आता लिलावात सहा-सात आकडी होऊ लागल्यात, आणि जुन्या गाडीचं त्यात उरतं ते कातडं. त्यांचं चाललंय ते चालू दे.

खरी हानी लिलावाच्या मंचावर होत नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चाललेली, तिकीट नाही, कठडे नाहीत. फर्नडेलपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत लोक खुर्च्या टाकून फुटपाथवर बसतात आणि हजारो गाड्या समोरून जातात. आमची मराठी मंडळीही डबे घेऊन जातात, उन्हात भाजतात, मुलं कानात बोटं घालून हसतात. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होतो. डॉज डार्ट, ३१८ चं साधं व्ही-एट, त्यांनी नवी घेतलेली, मुलांना त्याच गाडीतून शाळेत सोडलेलं, बायकोने मागच्या सीटला घातलेलं ठिगळ अजून जागेवर. मी कौतुक केलं तर ते ओशाळून म्हणाले, “अहो, ही फक्त ३१८ आहे.” (इंग्रजीतच म्हणाले, पण सूर हाच.) पन्नासहून जास्त वर्षं एकाच हातात चाललेल्या गाडीबद्दल मालकाने माफी मागावी? पुढे येणारा प्रत्येक जण बॉनेटखाली डोकावून पहिला प्रश्न विचारत होता तो इंजिन मूळचं का, हाच. विचारणारे कुणी कोट्यधीश नव्हते. लिलाववाल्यांच्या नावाने खडे फोडणारेच होते. ज्यांना तो बाजार नको आहे त्यांनीच त्याचा गज हातात घेऊन एकमेकांच्या गाड्या मोजायला सुरुवात केलीय, आणि हे कुठल्याही अब्जाधीशाने त्यांच्यावर लादलेलं नाही.

लोक विचारतात, मग काय करावं, भावांवर मर्यादा घालायची का? मुळीच नाही. अकरा कुडा अकरा श्रीमंतांकडे राहोत, त्यांच्या छपराखाली त्या निदान कोरड्या तरी राहतील. माझी मागणी बारीक आहे आणि ती लिलावघरांकडे आहे. खरेदीदाराकडून साधारण दहा टक्के दलाली घेऊन ती रंगीत वर्णनं छापतात, त्यात कागद कोणते आहेत याची लांबलचक यादी असते. तितक्याच ठळक अक्षरांत एक ओळ पत्र्याची हवी: छत, तळ, बाजू, मागचे खांब, यातलं मूळचं किती, बदललेलं किती, कधी बदललं, चासी नंबराची पट्टी कधी उतरवली होती का, आणि इंजिन बदललं असेल तर ते का बदललं, वॉरंटीत की लबाडीने. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत साधं राहतं घर विकताना माहीत असलेली गळती मालकाला लेखी सांगावी लागते. तीस लाखांच्या गाडीला तेवढा नियम लावायला अडचण ती कसली? लिलावघरं म्हणतात, विकणारा जे सांगतो ते आम्ही छापतो. मग खरेदीदारांनी विचारलं तर तेही छापतील. अजून फारसं कुणी विचारत नाही, कारण आज मंचासमोर बसून बोली लावणाऱ्यालाही दोन-चार वर्षांनी तीच गाडी त्याच मंचावर न्यायची असते, आणि त्या दिवशी ती ओळ त्याच्या गाडीखाली छापलेली असेल.